विश्लेषण : अमेरिकी ‘मसल कार’ची खरी ताकद किती?

कागदावर ४२५ अश्वशक्ती, प्रत्यक्षात किती? साठच्या दशकातील अमेरिकी गाड्यांच्या इंजिनांवरून आजही वाद झडतात. कंपन्यांनी तेव्हा काही आकडे फुगवले, तर काही मुद्दाम दाबून ठेवले. असे का घडले आणि १९७२ मध्ये सगळ्याच गाड्या अचानक ‘अशक्त’ कशा झाल्या, याचा हा आढावा.

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात स्कॉट्सडेल येथे झालेल्या लिलावात १९६७ सालची एक शेव्हर्ले कॉर्व्हेट ३८ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. एवढी किंमत येण्याचे कारण तिच्या बॉनेटखाली होते. ‘एल-८८’ नावाचे ४२७ घन इंचांचे, म्हणजे सुमारे सात लिटरचे ते इंजिन. त्या वर्षी हे इंजिन असलेल्या अवघ्या २० कॉर्व्हेट तयार झाल्या होत्या. कंपनीने या इंजिनाची ताकद जाहीर केली होती ४३० अश्वशक्ती. गंमत अशी, की त्याच वर्षी त्याच गाडीत त्याहून कमी पैशांत मिणाऱ्या ‘एल-७१’ या इंजिनाची जाहीर ताकद होती ४३५ अश्वशक्ती. म्हणजे माहितीपत्रकानुसार स्वस्त इंजिन वरचढ आणि शर्यतीसाठी बांधलेले महागडे इंजिन कमकुवत. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. एल-८८ ची खरी ताकद ५०० अश्वशक्तीच्या पुढे असल्याचे जाणकार मानतात. मग कंपनीने स्वतःच्याच सर्वोत्तम इंजिनाला कमी का लेखले? ‘मसल कार’च्या खऱ्या ताकदीचा वाद येथूनच सुरू होतो.

मसल कार म्हणजे नेमके काय?

मध्यम किंवा लहान आकाराची, तुलनेने स्वस्त गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचे दांडगे व्ही-८ इंजिन, असे मसल कारचे साधे सूत्र. १९६४ ची पॉन्टियॅक जीटीओ ही या प्रकारची पहिली गाडी असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जनरल मोटर्सच्या धोरणानुसार मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवता येत नव्हते. पॉन्टियॅकमधील जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. ३८९ घन इंचांचे इंजिन त्यांनी स्वतंत्र मॉडेल म्हणून न आणता ‘ल मान्स’ या गाडीवरील जादा पर्याय म्हणून देऊ केले. या इंजिनाची जाहीर ताकद ३२५ आणि तीन कार्बुरेटर घेतल्यास ३४८ अश्वशक्ती होती.

गाडी गाजली आणि स्पर्धा पेटली. फोर्ड मस्टँग, शेव्हर्ले शेव्हेल आणि कॅमेरो, प्लायमाउथ बाराकुडा, ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटांमुळे आपल्याकडेही ओळखीची झालेली डॉज चार्जर अशा गाड्यांनी पुढची सात-आठ वर्षे गाजवली. या काळात माहितीपत्रकातील अश्वशक्तीचा आकडा हीच गाडीची ओळख बनली. आज या गाड्या संग्राहकांच्या हाती आहेत आणि इंजिनाच्या ख्यातीवर त्यांची किंमत ठरते. १९७१ ची, हेमी इंजिन असलेली उघड्या टपाची एक प्लायमाउथ कुडा २०१४ मध्ये सिअॅटल येथील लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. त्यामुळे ‘खरी ताकद किती’ हा प्रश्न केवळ हौशी मंडळींच्या गप्पांपुरता उरलेला नाही.

अश्वशक्ती मोजतात कशी?

अश्वशक्ती हे एकक जेम्स वॉट यांनी अठराव्या शतकात वाफेच्या इंजिनाची घोड्याशी तुलना करण्यासाठी रूढ केले. एका मिनिटात ३३ हजार फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती. आजच्या भाषेत साधारण ७४६ वॉट.

मात्र मोटारीच्या इंजिनाची अश्वशक्ती थेट मोजली जात नाही. डायनॅमोमीटर हे यंत्र इंजिनाचे टॉर्क मोजते. टॉर्क म्हणजे फिरवण्याचे बळ. पान्याने घट्ट बसलेला नट सोडवताना मनगटाला जो जोर लावावा लागतो, तशा प्रकारचे हे बळ असते. पौंड-फुटातील टॉर्कला मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी गुणायचे आणि ५,२५२ ने भागायचे, की अश्वशक्ती मिळते. म्हणजे अश्वशक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : इंजिन किती जोर लावते आणि तो जोर किती वेगाने फिरताना लावते.

उदाहरणार्थ, १९७० च्या ब्युइकच्या ४५५ घन इंच ‘स्टेज-१’ इंजिनाचे जाहीर टॉर्क २,८०० फेऱ्यांवर ५१० पौंड-फूट होते. या सूत्रानुसार त्या वेगाला ताकद भरते २७२ अश्वशक्ती. कंपनीने जाहीर केलेली सर्वाधिक ताकद होती ४,६०० फेऱ्यांवर ३६० अश्वशक्ती. याचा अर्थ तेथे टॉर्क ४११ पौंड-फुटांवर आलेले होते. टॉर्क घटूनही ताकद वाढली, कारण फेरे वाढले. आता समजा, हेच इंजिन ५,२०० फेऱ्यांवरही ४०० पौंड-फूट टॉर्क देऊ शकत असेल, तर तेथे ताकद होईल ३९६ अश्वशक्ती. अर्थात हे केवळ समजण्यापुरते गणित झाले. पण आकडा कोणत्या फेऱ्यांवरचा आहे हे न पाहता नुसती अश्वशक्ती वाचली, तर फसगत कशी होते हे त्यातून लक्षात येते.

‘ग्रॉस’ आणि ‘नेट’ यांत फरक काय?

१९७१ पर्यंत अमेरिकी कंपन्या साधारणपणे ‘ग्रॉस’ अश्वशक्ती जाहीर करत. मोजणीची पद्धत सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनीअर्स अर्थात ‘एसएई’ या संस्थेने ठरवलेली होती. त्यात लबाडी नव्हती, पण इंजिनाला सर्व सवलती होत्या. इंजिन गाडीबाहेर काढून चाचणीच्या स्टँडवर बसवले जाई. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, पंखा नाही, बॅटरी भारित करणाऱ्या अल्टरनेटरचा बोजा नाही. धूर बाहेर टाकण्यासाठी मोकळे पाइप. प्रज्वलनाची वेळ आणि इंधन-हवेचे मिश्रण सर्वाधिक ताकद मिळेल असे जुळवलेले. शिवाय आकडा ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपंधरा अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेनुसार दुरुस्त केला जाई. थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त असतो आणि ताकदही जास्त भरते.

‘नेट’ अश्वशक्ती मोजताना तेच इंजिन गाडीत जसे असते तसे ठेवतात. एअर फिल्टर, पाण्याचा पंप, अल्टरनेटर, मूळ सायलेन्सर, प्रदूषण रोखणारी साधने हे सारे जोडलेले. सत्तरच्या दशकात हवेचे तापमानही ८५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे साडेएकोणतीस अंश सेल्सिअस धरले गेले. पगाराच्या पावतीवरची ढोबळ रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांत असतो, तसाच हा फरक.

मग कंपन्या आकडे कमी का दाखवत?

ग्रॉस पद्धतीत आकडा फुगतो. तरीही अनेक इंजिनांचा जाहीर आकडा प्रत्यक्ष ग्रॉस ताकदीपेक्षाही कमी होता. त्याला चार कारणे होती.

पहिले कारण विमा. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी विमा कंपन्यांनी वजनाच्या मानाने जास्त अश्वशक्ती असलेल्या गाड्यांवर जादा हप्ता लावण्यास सुरुवात केली. या गाड्यांचे गिऱ्हाईक तरुण होते. गाडी परवडली तरी विमा परवडेना, अशी स्थिती झाली. कागदावरचा आकडा कमी असणे विक्रीच्या दृष्टीने सोयीचे ठरू लागले.

दुसरे कारण शर्यती. पाव मैलाच्या सरळ धावपट्टीवरील ड्रॅग शर्यतींचे नियमन नॅशनल हॉट रॉड असोसिएशन अर्थात ‘एनएचआरए’ करते. तेथे मूळ स्वरूपातील गाड्यांचे गट गाडीचे वजन आणि जाहीर अश्वशक्ती यांच्या प्रमाणावर ठरत. ३,५०० पौंडांच्या गाडीची जाहीर ताकद ३३५ असेल, तर प्रत्येक अश्वशक्तीमागे वजन साडेदहा पौंडांच्या आसपास भरते. खरी ताकद ४१० असेल, तर साडेआठ. म्हणजे आकडा दाबला की गाडी सौम्य प्रतिस्पर्ध्यांच्या गटात जाते. फोर्डच्या ‘४२८ कोब्रा जेट’ इंजिनाची जाहीर ताकद ३३५ होती. हे इंजिन असलेल्या मस्टँग फेब्रुवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे धावल्या, तेव्हा तो आकडा कोणालाच पटला नाही. पुढे ‘एनएचआरए’ने कंपन्यांचे आकडे बाजूला ठेवून अशा इंजिनांना स्वतःचे, वाढीव आकडे लावले.

तिसरे कारण कंपनीचेच नियम. जनरल मोटर्सने कॉर्व्हेट वगळता इतर गाड्यांसाठी दर अश्वशक्तीमागे किमान दहा पौंड वजन असावे, असे बंधन घातले होते. १९६७ च्या पॉन्टियॅक फायरबर्डमध्ये ४०० घन इंचांचे इंजिन बसवताना त्याची ताकद ३२५ दाखवण्यात आली, कारण गाडीच्या वजनात तेवढेच बसत होते. त्यासाठी कार्बुरेटरच्या दांड्यांच्या जोडणीत एक छोटा अडथळा ठेवण्यात आला, जेणेकरून झडपा पूर्ण उघडू नयेत. तो अडथळा काढणे हे जाणत्या मेकॅनिकसाठी काही मिनिटांचे काम होते.

चौथे कारण एल-८८ च्या बाबतीत दिसते. हे इंजिन शर्यतीसाठी होते. त्याला १०३ ऑक्टेनचे पेट्रोल लागे आणि ते घेणाऱ्याला गाडीत रेडिओ आणि हीटर मिळत नसे. रोजच्या वापरासाठी ते अत्यंत गैरसोयीचे होते. सर्वांत मोठा आकडा पाहून सामान्य ग्राहकाने ते मागू नये, म्हणून आकडा एल-७१ पेक्षा पाचने कमी ठेवला गेला, असे मानले जाते.

आकडा लपवला कसा जाई?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे इंजिनाची कमाल ताकद जेथे येते, त्याच्या आधीच्या फेऱ्यांवरचा आकडा छापणे. एल-८८ चे ४३० अश्वशक्ती ५,२०० फेऱ्यांवर दिलेले होते, तर एल-७१ चे ४३५ हे ५,८०० फेऱ्यांवर. वरच्या सूत्राने उलटे गणित केले, तर ५,२०० फेऱ्यांवर एल-८८ चे टॉर्क ४३४ पौंड-फूट येते आणि ५,८०० फेऱ्यांवर एल-७१ चे ३९४. म्हणजे एल-८८ ने ६०० फेरे आधीच जवळपास तेवढी ताकद गाठलेली होती. हे इंजिन त्याहून बरेच वेगाने फिरण्यासाठी बांधलेले होते. आकडा खोटा नव्हता, अर्धवट होता.

दुसरा मार्ग त्याहून सरळ : नुसता कागद बदलणे. १९६६ च्या कॉर्व्हेटमधील ‘एल-७२’ या ४२७ घन इंच इंजिनाची ताकद सुरुवातीला ४५० जाहीर झाली. काही काळातच तो आकडा ४२५ करण्यात आला. इंजिनात काहीही बदल झाला नव्हता.

तिसरा प्रकार ठरावीक आकड्यांचा. शेव्हर्लेच्या कॅमेरो झेड-२८ मधील ३०२ घन इंचांचे इंजिन आणि फोर्डचे बॉस ३०२ ही दोन्ही इंजिने ट्रान्स-अॅम शर्यतींच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसण्यासाठी बनवलेली. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळ्या रचना. जाहीर ताकद मात्र दोघांचीही नेमकी २९०. क्रायस्लरचे ४२६ हेमी रस्त्यावरील गाड्यांसाठी १९६६ मध्ये आले आणि १९७१ पर्यंत ४२५ या एकाच आकड्यावर राहिले, दरम्यान त्यात सुधारणा झाल्या तरीही.

म्हणजे सगळेच आकडे खरे तर जास्त होते?

नाही. आणि वादाची गफलत नेमकी येथेच होते. ‘कंपन्यांनी सगळेच आकडे दाबले’ हे जितके चूक, तितकेच ‘सगळेच आकडे फुगवलेले होते’ हेही. बहुसंख्य साध्या इंजिनांचे ग्रॉस आकडे गाडीत बसवल्यावर मिळणाऱ्या ताकदीपेक्षा बरेच मोठे होते. दाबलेले आकडे होते ते प्रामुख्याने मोजक्या, शर्यतीच्या जवळ जाणाऱ्या इंजिनांचे. तेही बहुतेकदा ग्रॉसच्या मोजपट्टीवर दाबलेले होते.

त्या काळातील मासिकांच्या चाचण्यांना पुरावा मानण्यातही धोका आहे. १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने पॉन्टियॅक जीटीओची चाचणी घेऊन शून्य ते ताशी ६० मैल हा वेग ४.६ सेकंदांत गाठल्याचे छापले आणि गाडीचा डंका वाजला. पॉन्टियॅकच्या प्रचाराची धुरा वाहिलेले जिम वँगर्स यांनी १९९८ मधील आत्मचरित्रात अनेक वर्षांनी कबूल केले, की मासिकाला दिलेल्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ घन इंचांचे इंजिन बसवलेले होते. म्हणजे वाचक ज्या गाडीचा पराक्रम वाचत होते, ती शोरूममध्ये मिळतच नव्हती.

१९७२ मध्ये अचानक ताकद का घसरली?

जुनी माहितीपत्रके पाहिली, तर १९७० ते १९७२ या दोन वर्षांत अमेरिकी इंजिनांची जणू हवाच गेल्यासारखी दिसते. प्रदूषणाच्या नियमांनी इंजिने मारली, असा सरसकट निष्कर्ष त्यावरून काढला जातो. कॉर्व्हेटमधील ३५० घन इंचांच्या ‘एलटी-१’ इंजिनाचा प्रवास पाहिला, तर चित्र अधिक स्पष्ट होते.

१९७० मध्ये एलटी-१ ची ताकद होती ३७० ग्रॉस. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने आपली इंजिने कमी ऑक्टेनच्या, कमी शिसे असलेल्या पेट्रोलवर चालावीत म्हणून कॉम्प्रेशनचे प्रमाण घटवले. एलटी-१ मध्ये ते अकरास एकवरून नवास एकवर आले. आकडा झाला ३३० ग्रॉस. ही ४० ची घट खरी होती, कारण मोजपट्टी तीच होती. त्या एका वर्षी कंपनीने ग्रॉस आणि नेट असे दोन्ही आकडे दिले. नेट होता २७५. ही ५५ ची घट फक्त कागदावरची. त्याच वर्षीचे तेच इंजिन, मोजण्याची रीत तेवढी वेगळी. १९७२ मध्ये ग्रॉस आकडे देणे बंद झाले आणि एलटी-१ ची ताकद २५५ नेट छापली गेली.

३७० वरून २५५ म्हणजे एकूण ११५ ची घसरण. त्यातील ५५, म्हणजे जवळजवळ निम्मी घसरण इंजिनात झालेलीच नव्हती. उरलेली मात्र खरी होती. त्यामुळे ‘नियमांनी इंजिने मारली’ हे अर्धे खरे आणि ‘काहीच बदलले नाही, फक्त मोजणी बदलली’ हेही अर्धेच खरे. प्रत्येक इंजिनाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

ग्रॉसला ०.८ ने गुणले की नेट मिळते का?

वादात हे गणित नेहमी पुढे केले जाते. १९७१ हे वर्ष त्याची परीक्षा घेण्यासाठी उपयोगी आहे, कारण त्या वर्षी अनेक इंजिनांचे दोन्ही आकडे उपलब्ध आहेत. कॉर्व्हेटचे मूळ ३५० इंजिन २७० ग्रॉस आणि २१० नेट, म्हणजे ७८ टक्के. एलटी-१ चे ३३० आणि २७५, म्हणजे ८३ टक्के. ४५४ घन इंचांचे एलएस-५ इंजिन ३६५ आणि २८५, म्हणजे ७८ टक्के.

सर्वांत बोलकी जोडी आहे शेव्हर्लेचे एलएस-६ आणि क्रायस्लरचे हेमी. १९७१ मध्ये दोघांचीही ग्रॉस ताकद ४२५ होती. नेटमध्ये एलएस-६ भरले ३२५ आणि हेमी ३५०. कागदावर जुळी असलेली इंजिने मोजणीची रीत बदलताच २५ अश्वशक्तींनी वेगळी झाली. ग्रॉस आणि नेट यांच्यात ठरलेले प्रमाण नाही. सायलेन्सर किती कोंडतो, पंखा किती ताकद खातो, मूळ ग्रॉस आकडा किती प्रामाणिक होता, यावर ते ठरते. ०.८ हा अंदाज आहे, उत्तर नव्हे.

आज मोजून वाद मिटवता येणार नाही का?

जुनी इंजिने आज डायनॅमोमीटरवर चढवली जातात आणि त्यांचे निकाल वादात फेकले जातात. पण पन्नास वर्षांपूर्वीचे इंजिन नव्याने बांधताना सिलिंडर किंचित मोठे केले जातात, पिस्टन आणि झडपा नव्या बसतात, तेल आणि पेट्रोल आजचे असते. कित्येकदा प्रज्वलन इलेक्ट्रॉनिक केलेले असते. बांधणारा कुशल असेल, तर इंजिन कारखान्यातून निघाले त्या दिवसापेक्षाही सरस होते. शिवाय तेव्हाचे ओतकाम आजच्याइतके काटेकोर नव्हते. एकाच दिवशी तयार झालेल्या दोन इंजिनांतही फरक असे.

दुसरी पद्धत धावपट्टीवरची. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर अंतराच्या शेवटी गाडीचा वेग आणि तिचे वजन यावरून ताकदीचा अंदाज काढतात. ताशी मैलांतील वेगाला २३४ ने भागून आलेल्या आकड्याचा घन करायचा आणि पौंडांतील वजनाने गुणायचे. चालकासह ३,८०० पौंडांची गाडी ताशी १०० मैल वेगाने रेषा ओलांडत असेल, तर उत्तर येते सुमारे २९७. वेग १०५ मैल असेल, तर ३४३. म्हणजे वेगात पाच टक्के फरक पडला, की ताकदीच्या अंदाजात सुमारे १६ टक्के फरक पडतो. थंड संध्याकाळ, पाठीमागून येणारा वारा, बदललेले टायर एवढ्यानेही ४०-५० ‘घोडे’ वाढू किंवा गायब होऊ शकतात.

तिसरा आकडा चाकांवर मोजलेला. गीअरबॉक्स आणि मागील अॅक्सलमध्ये काही ताकद खर्ची पडते. ती १५ ते २० टक्के धरण्याचा प्रघात आहे, पण तीही गाडीगणिक बदलते. म्हणजे एकाच इंजिनाचे ग्रॉस, नेट आणि चाकांवरील असे तीन आकडे असू शकतात, तिन्ही खरे असू शकतात आणि तिघे जण त्यावरून तावातावाने भांडू शकतात.

नेट पद्धतीनंतर तरी गोंधळ थांबला का?

कमी झाला, थांबला नाही. १९९९ मध्ये फोर्डने मस्टँग एसव्हीटी कोब्राची ताकद ३२० जाहीर केली. मालकांनी गाड्या डायनॅमोमीटरवर नेल्या, तेव्हा तेवढी ताकद भरेना. कंपनीला विक्री थांबवून गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि सुटे भाग बदलून द्यावे लागले. जपानमध्ये कंपन्यांनी आपसांतील समजुतीने १९८९ ते २००४ या काळात २८० पीएसच्या वरचा आकडा जाहीर करणे टाळले. निसान स्कायलाइन जीटी-आरसारख्या गाड्यांची खरी ताकद त्याहून जास्त असल्याचे सर्वांना ठाऊक होते. अमेरिकेतील मसल कारचाच खेळ तेथे पुन्हा रंगला.

२००५ मध्ये ‘एसएई’ने प्रमाणित चाचणीची सोय केली. चाचणीच्या वेळी स्वतंत्र साक्षीदार हजर हवा, अशी तिची अट आहे. ही पद्धत स्वीकारणे ऐच्छिक आहे. ती स्वीकारणारे पहिले इंजिन कॉर्व्हेट झेड-०६ मधील एलएस-७ होते आणि त्याची प्रमाणित ताकद भरली ५०५ अश्वशक्ती. त्याच सुमारास काटेकोर नियमांमुळे काही आकडे खालीही आले. अॅक्युरा आरएलचा आकडा ३०० वरून २९० झाला, गाडी मात्र तीच होती.

आजच्या गाड्यांशी तुलना कशी करायची?

४२५ चा जुना आकडा आणि आजच्या गाडीचा आकडा शेजारी ठेवणे चूक आहे. तुलना नेटशी नेटचीच हवी. तशी केली, तर चित्र जुन्या गाड्यांच्या चाहत्यांना फारसे आवडणारे नाही. १९७१ च्या एलटी-१ इंजिनाची ५.७ लिटरमधून मिळणारी नेट ताकद २७५ होती. टोयोटा कॅमरी या कौटुंबिक गाडीच्या अमेरिकेतील २०१८ च्या मॉडेलमधील ३.५ लिटरचे व्ही-६ इंजिन ३०१ अश्वशक्ती देते. दंतकथा बनलेल्या हेमीचा नेट आकडा ३५० होता. यामुळे जुनी इंजिने लहान ठरत नाहीत. कार्बुरेटर आणि दोन झडपांच्या रचनेतून, संगणकाशिवाय त्यांनी हे साधले. कमी फेऱ्यांवर मिळणारे त्यांचे टॉर्क आजही गाडीत बसणाऱ्याला पाठीवर जाणवते. फक्त त्यांची थोरवी ग्रॉस आकड्यावर मोजता येत नाही.

भारतीय ग्राहकाने यातून काय घ्यावे?

भारतात गाड्यांची ताकद कधी बीएचपीमध्ये, कधी पीएसमध्ये, तर कधी किलोवॉटमध्ये दिली जाते. पीएस ही मेट्रिक अश्वशक्ती. ती किंचित लहान असते. १०० पीएस म्हणजे सुमारे ९८.६ बीएचपी किंवा ७३.५ किलोवॉट. एकक बदलले, की आकडा दीड टक्क्याने मोठा दिसतो. फोर्डने २०१६ मध्ये भारतात आणलेल्या पाच लिटरच्या मस्टँगची ताकद ४०१ पीएस होती. बीएचपीमध्ये ती साधारण ३९५ होते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्या वेळच्या गाडीचा आकडा मात्र ४३५ होता. नाव तेच, इंजिन त्याच कुळातले, पण कोणत्या बाजारातील गाडी हे पाहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

जमेची बाजू अशी, की आता आकडा ठरवणे सर्वस्वी कंपनीच्या विक्री विभागाच्या हाती नाही. भारतात विक्रीपूर्वी नव्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अधिकृत संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात ‘एआरएआय’ ही त्यांतील प्रमुख संस्था. १९६६ मध्ये, म्हणजे अमेरिकेत एल-७२ चा आकडा रातोरात ४५० वरून ४२५ होत होता त्याच वर्षी ती स्थापन झाली.

तरीही अश्वशक्तीचा कोणताही आकडा वाचताना तीन प्रश्न विचारणे शहाणपणाचे आहे. तो कोणत्या पद्धतीने मोजला? किती फेऱ्यांवर मोजला? आणि कोणत्या एककात? जुन्या मसल कारच्या बाबतीत चौथा प्रश्न जोडावा लागतो : तो आकडा छापताना समोर कोण होते? ग्राहक, विमा कंपनी की शर्यतीचे पंच? बहुतेक वेळा वादाचे उत्तर इंजिनापेक्षा त्या चौथ्या प्रश्नातच सापडते.